केबिन बॅग विमानाच्या पोटात गेली, जबाबदारी कोणाची?

प्रश्न : गेल्या गुरुवारी मी परदेशी निघाले. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची दोन विमानं होती. पहिल्या विमानात चढताना गेटवरच्या कर्मचाऱ्याने ‘वर जागा उरलेली नाही, बॅग खाली टाकावी लागेल’ असं सांगून बॅगेला टॅग बांधला, त्यावर माझी सही घेतली आणि टॅगचा एक तुकडा फाडून बोर्डिंग पासाच्या मागे चिकटवला. बॅग ठरलेल्या मापाचीच होती. घाईत मी लॅपटॉप तेवढा बाहेर काढला. कॅमेरा, हार्ड डिस्क, रक्तदाबाच्या गोळ्या आणि पॉवर बँक आतच राहिली. शेवटच्या विमानतळावर बॅग आलीच नाही, म्हणून तिथल्या काउंटरवर तक्रार नोंदवली. बॅग रविवारी संध्याकाळी मुक्कामी पोचली. लेन्स तडकलेली, हार्ड डिस्क गायब. चॅटवर विचारलं तेव्हा आधी उत्तर आलं, ‘केबिन बॅग ही प्रवाशाचीच जबाबदारी’. मी पुन्हा लिहिलं, तर म्हणाले, ‘चेक-इन सामानात मौल्यवान वस्तू ठेवू नयेत, असं आमच्या अटींत स्पष्ट आहे’. मला गेटवर नकार देता आला असता का? आणि आता काही मिळेल का?

उत्तर : पुढचं नंतर वाचा. आधी दोन्ही कंपन्यांना ई-मेल पाठवा, आजच. बॅग रविवारी तुमच्या हातात आली आणि आज गुरुवार आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू होणाऱ्या 1999 च्या माँट्रियल कराराप्रमाणे चेक-इन सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. सुट्टीचे दिवस त्यातून वगळले जात नाहीत. ही मुदत चुकली की कंपनीने लबाडी केली असल्याखेरीज दावाच उभा राहत नाही.

तुम्ही म्हणाल, विमानतळावर तक्रार दिली आहे की. दिली आहे, पण ती ‘बॅग आली नाही’ अशी. लेन्स फुटली, डिस्क गेली, हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं. या फरकावर एक खटला ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता, 1980 साली. प्रवाशाने बॅग फाटल्याची तक्रार विमानतळावरच नोंदवली होती. आतले थोडे कपडे गेल्याचं घरी पोचल्यावर लक्षात आलं आणि ते त्याने मुदतीत कळवलं नाही. कपड्यांची किंमत साडेसोळा पौंड. आतली एखादी वस्तू जाणं हेही ‘नुकसान’च, त्यामुळे त्याची वेगळी तक्रार सात दिवसांत हवी होती, असा निकाल लागला आणि प्रवासी हरला. तेव्हा जुना वॉर्सा करार लागू होता, पण सात दिवसांची अट नव्या करारातही तशीच आहे.

ई-मेलमध्ये कहाणी सांगत बसू नका. चार ओळी पुरेत : ‘अमुक तारखेच्या अमुक विमानाला गेटवर तुमच्या कर्मचाऱ्याने माझी केबिन बॅग ताब्यात घेतली, टॅग क्रमांक अमुक. बॅग रविवारी मिळाली. आतल्या कॅमेऱ्याची लेन्स फुटली आहे आणि हार्ड डिस्क नाही. नुकसान, गहाळ वस्तू आणि उशीर या तिन्हींबद्दल ही माझी लेखी तक्रार समजावी.’ टॅगच्या तुकड्याचा, बॅगेचा आणि लेन्सचा फोटो जोडा. रक्कम नंतर कळवली तरी चालते. चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंपनीच्या यंत्रणेत नोंदली गेलेली तक्रार लेखीच समजावी, असं युरोपीय न्यायालयाने 2018 साली म्हटलं आहे, त्यामुळे तुमचं चॅटही कदाचित चालून जाईल. पण ‘कदाचित’वर दावा लढवायची हौस मला नाही, तुम्हीही ती धरू नका.

ई-मेल गेला असेल तर आता त्या दोन उत्तरांकडे वळू. मला ती फार आवडली. पहिल्यात तुमची बॅग केबिन बॅग आहे, दुसऱ्यात तीच चेक-इन सामान आहे. जिथे ज्यामुळे हात झटकता येतात तिथे ते नाव लावलं आहे. पण कायद्यात ती एका वेळी एकच काहीतरी असू शकते, आणि ते काय हे ठरतं ताब्यावरून.

सामान तुमच्याजवळ, डोक्यावरच्या कप्प्यात किंवा पायाशी असेल, तर कंपनी केव्हा जबाबदार? तिची किंवा तिच्या माणसांची चूक झाली असेल तेव्हाच, आणि ती चूक दाखवायची तुम्ही. सामान चेक-इन झालेलं असेल तर गणित उलटतं. ते कंपनीच्या ताब्यात असताना नुकसान झालं एवढं दाखवलं की जबाबदारी कंपनीची. चूक कोणाची, ते कोणी आपटलं, कोणी उघडलं, हे तुम्ही शोधत बसायचं नाही. गेटवर टॅग बांधून, तुकडा तुमच्या हातात देऊन बॅग नेली त्या क्षणी ती चेक-इन सामान झाली. काउंटरवर वजन करून दिली काय किंवा विमानाच्या दाराशी काढून घेतली काय, ताबा त्यांचाच. त्यामुळे पहिलं उत्तर निकालात निघतं. बोर्डिंग पासाच्या मागचा तो चिटोरा म्हणजे तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे. बहुतेक जण तो विमानातून उतरताना सीटच्या खिशात कोंबून येतात.

दुसरं उत्तर जरा जास्त चलाख आहे. अटींत लिहिलं आहे, टॅगवर सही आहे, मग बोलायला जागा कुठे? आहे. कराराच्या कलम 26 प्रमाणे कंपनीची जबाबदारी काढून टाकणारी किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी करणारी अट रद्दबातल असते. तुमच्या सहीने ती जिवंत होत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात चेक-इन म्हणून स्वीकारलेल्या सामानातल्या इलेक्ट्रॉनिक, नाजूक किंवा मौल्यवान वस्तूंची जबाबदारी कंपन्यांना सरसकट नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2009 साली कंपन्यांना लेखी बजावलं होतं. तरीही ते वाक्य टॅगवर छापलेलं असतं. ते वाचून दहातले सात प्रवासी घरी जात असावेत असा माझा अंदाज आहे, आणि छापण्यामागचा हिशेबही बहुधा तोच असावा.

आता तुमच्या बाजूचं लंगडं काय ते सांगतो, कारण समोरचा वकील ते शोधणारच. प्रवाशाच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरती भरपाई कमी करता येते. तुम्हाला विचारलं जाईल : लॅपटॉप काढायला वेळ मिळाला, मग कॅमेरा काढायला का नाही? यावर तुमच्याकडे खरं उत्तर हवं. कर्मचाऱ्याने ‘मौल्यवान वस्तू, औषधं, बॅटऱ्या काढून घ्या’ असं म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर थोडी रक्कम कापली जाईल याची तयारी ठेवा. म्हटलं नसेल तर तसं आजच, आठवण ताजी असताना, एका कागदावर लिहून काढा : रांगेत मागे किती जण होते, कर्मचारी काय म्हणाला, किती सेकंद मिळाले, बरोबर कोण होतं. ‘कॅमेरा मुळातच नाजूक’ हा बचावही येईल. सामानाच्या अंगच्या दोषामुळे झालेलं नुकसान कंपनी भरून देत नाही हे खरं आहे. पण बॅग केबिनसाठी भरली होती, ती पोटात टाकायचं त्यांनी ठरवलं, हे तुमचं उत्तर त्यावर चांगलं बसतं.

पॉवर बँकेचं प्रकरण वेगळं. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका चेक-इन सामानात न्यायला जगभर मनाई आहे. आग लागली तर केबिनमध्ये ती दिसते, विझवता येते. खाली ते कठीण. केबिन बॅग गेटवर खाली पाठवायची झाली तर या वस्तू काढून प्रवाशाजवळच ठेवायच्या असतात. तुम्ही ती काढली नाहीत ही चूक आहे, मात्र ‘आत बॅटरी आहे का’ हे न विचारता बॅग ओढून नेणं हीही चूकच. कंपनी कदाचित म्हणेल की मधल्या विमानतळावरच्या तपासणीत पॉवर बँक दिसली, म्हणून बॅग बाजूला काढली आणि म्हणून उशीर झाला. म्हणू द्या. तसं घडल्याची नोंद मागा. नोंद असेल तर उशिराच्या भरपाईत तुमचा वाटा धरला जाईल. फुटलेल्या लेन्सशी आणि गेलेल्या डिस्कशी तिचा काय संबंध, हे मात्र त्यांना वेगळं दाखवावं लागेल.

नकार देता आला असता का? खरं सांगायचं तर फारसा नाही. जागा नसेल तर केबिनमधलं सामान खाली पाठवण्याचा अधिकार जवळपास प्रत्येक कंपनी तिकिटाच्या अटींत राखून ठेवते, आणि सामान नीट ठेवलं गेल्याशिवाय विमानाची दारं लावता येत नाहीत. तिथे हुज्जत घातली असती तर बॅगेबरोबर तुम्हीही मागे राहिला असता, तेही स्वतःच्या खर्चाने. युरोपीय न्यायालयाने 2014 साली वाजवी वजन-मापाच्या हातातल्या सामानाला वेगळे पैसे आकारता येणार नाहीत असं म्हटलं, पण तो निकाल पैशांपुरता आहे. बॅग तुमच्या डोक्यावरच राहील अशी हमी त्यातून मिळत नाही. केबिन बॅगेसाठी किंवा आधी चढण्यासाठी तुम्ही जास्तीचे पैसे भरले असतील तर मात्र ते परत मागा. विकलेली सेवा दिलीच नाही, हा साधा हिशेब आहे.

नकार नाही, पण ‘एक मिनिट’ म्हणता येतं. औषधं, बॅटऱ्या, कागदपत्रं, कॅमेरा बाहेर काढल्याशिवाय बॅग सोडू नये, रांग कितीही खोळंबो. काही काढता आलं नाही तर ‘आत कॅमेरा आहे, तुम्ही बॅग नेताय’ हे मोठ्याने सांगावं आणि टॅग बांधलेल्या बॅगेचा फोटो घ्यावा. सामान सोपवताना त्याची किंमत जाहीर करून, जास्तीचं शुल्क भरून भरपाईची मर्यादा वाढवून घेण्याची सोयही करारात आहे. गेटवर शेवटचा पुकारा चालू असताना ती कोण करून देणार, हा प्रश्न मला कोणीतरी एकदा न्यायालयात विचारायला हवा आहे.

किती मिळेल? सामानाचं नुकसान, गहाळ होणं आणि उशीर हे सगळं मिळून एका प्रवाशामागे कमाल मर्यादा 1,519 एसडीआर. 28 डिसेंबर 2024 पासूनचा हा आकडा, त्याआधी 1,288 होता. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, त्याचा भाव नाणेनिधीच्या संकेतस्थळावर रोज मिळतो. ही मर्यादा आहे, बक्षिसाची रक्कम नव्हे. नुकसान दाखवाल तेवढंच मिळतं. कॅमेऱ्याची वापर वजा जाता किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, डिस्कची किंमत, तीन दिवसांत घ्याव्या लागलेल्या गोळ्या आणि कपडे यांच्या पावत्या जमवा. डिस्कमधल्या फोटोंचं मोल तुमच्यासाठी काय आहे ते मला कळतं, पण त्याला बाजारभाव नाही. मनस्तापाची भरपाई मागितली तरी तीही याच मर्यादेत बसते, असं युरोपीय न्यायालयाने 2010 सालीच ठरवलं आहे. मर्यादा ओलांडायची तर नुकसान मुद्दाम किंवा परिणामांची जाणीव असून बेफिकिरीने केलं हे सिद्ध करावं लागतं. डिस्क कर्मचाऱ्याने उचलली असा तुमचा संशय असेल, पण संशयावर ते होत नाही. पोलिसांत तक्रार जरूर द्या, निदान विम्याला तो कागद लागेल.

दोन्ही कंपन्या आता एकमेकींकडे बोट दाखवतील. दाखवू द्या. सामानाच्या बाबतीत पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्या ताब्यात नुकसान झालं ती, यांपैकी कोणाकडूनही वसूल करता येतं. त्यांनी आपसांत काय ते वाटून घ्यावं. म्हणूनच ई-मेल दोघींना पाठवायला सांगितला. महिनाभरात धड उत्तर आलं नाही तर नोटीस द्या आणि मग ग्राहक न्यायालय किंवा तुमच्याकडे असेल ती छोट्या दाव्यांची सोय पाहा. तुम्ही मुक्कामी पोचलात त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा दाखल झाला पाहिजे. प्रवास निघाला तो आणि संपणार होता तो, असे दोन्ही देश करारात आहेत ना, एवढं एकदा तपासा. जाऊन-येऊन एकच तिकीट असेल तर निघाला तो देश करारात असला की पुरे. सदस्य देश 130 हून अधिक आहेत, त्यामुळे बहुधा अडचण येणार नाही.

एक राहिलं. कॅमेरा गेटवर चालू स्थितीत होता हे तुम्ही कशावरून सांगणार? निघण्यापूर्वी विमानतळावर एखादा फोटो काढला असेल तर त्याची तारीख-वेळ कार्डावर आहे, आणि तो फोटो स्वच्छ असेल तर लेन्स तेव्हा शाबूत होती. ते कार्ड काढून पाकिटात घाला, फॉरमॅट करू नका. दुरुस्तीवाल्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या, पण कंपनी पाहणी करणार की नाही हे लेखी कळेपर्यंत लेन्सला हात लावू देऊ नका.