लोकलमध्ये खेळायला फोल्डिंग गेमिंग हँडहेल्ड घ्यायचा तर बिजागरी आणि स्क्रीनचा कोन किती बघावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोजचा डोंबिवली-दादर प्रवास आहे, खिशात मावेल असा घडीचा हँडहेल्ड हवाय, पण बिजागरी तडकते असं बरंच वाचलंय. मग १८० अंशांत सपाट उघडणारा घ्यावा की अधेमधे खाचेवर थांबणारा? आणि लॅमिंग्टन रोडला जुना डीएस लाइट (निन्टेन्डोचा दोन स्क्रीनचा घडीचा हँडहेल्ड) मिळतोय, तो घेऊ का?

आधी सरळ उत्तर देतो. मधल्या खाचेवर थांबणारा घ्या आणि ती खाच १५० अंशांच्या आसपास असू द्या. त्यापुढे तो सपाट उघडत असेल तर चांगलंच आहे, पण गर्दीत सपाट उघडून खेळू नका. डीएस लाइटचं शेवटी बोलतो.

मी अंधेरीला एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डच्या डिझाइनचं काम करतो. कुठला भाग कुठे तडकणार हे आधी ओळखणं हीच नोकरी. त्यामुळे प्रोसेसर, रॅम वगैरे दुसऱ्या कुणाला विचारा; बिजागरीवर मात्र मी जरा जास्तच बोलणार आहे.

१५० हा आकडा कुठून आला ते बघा. सीटवर बसून खेळताना नजर आडव्या रेषेच्या साधारण ४० अंश खाली असते. स्क्रीन डोळ्यांच्या अगदी समोर यायची तर ती जमिनीशी ५० अंशांत उभी हवी. हातातला खालचा भागही पूर्ण आडवा नसतो. कोपरं मांडीवर टेकवली की बिजागरीकडची बाजू सहज २० अंश वर येते. म्हणजे खालच्या भागाच्या सरळ रेषेपासून स्क्रीन फक्त ३० अंश उचलायची राहते. १८० मधून ते ३० गेले की १५०. तोच हँडहेल्ड टेबलावर ठेवून खेळलात तर खालचा भाग आडवा, म्हणून १३० च्या आसपासचा कोन बरा वाटतो. आणि डब्यात उभं राहून, कोपरं अंगाशी आवळून, यंत्र छातीजवळ धरलंत तर खालचा भागच ४५ अंश उभा होतो, नजरही तेवढीच खाली जाते, आणि स्क्रीन जवळजवळ सपाट हवीशी वाटते. पाठीवर झोपून खेळतानाही तसंच. ‘सपाट उघडतो का?’ असं विचारणारे बहुतेक झोपून खेळणारे असतात, हा माझा अंदाज.

मान वाकडी होण्याच्या आधी त्रास होतो तो दिव्यांचा. लोकलच्या डब्यात दिवे छताला, म्हणजे थेट डोक्यावर. स्क्रीन नजरेला बरोबर काटकोनात असेल तर तिच्यात तुमचंच तोंड दिसतं, आणि ते अंधारात असल्यामुळे खटकत नाही. ती २० अंश जास्त मागे कलली की प्रतिबिंब दुप्पट, म्हणजे ४० अंश सरकतं. मघाचंच गणित धरलं तर तुमची नजर परावर्तित होऊन ८० अंशांत वर जाते. म्हणजे छत, म्हणजे दिवा. गेममधली गुहा अंधारी असली की मग पूर्ण स्क्रीनभर फक्त दिव्याचा पांढरा पट्टा. ब्राइटनेस वाढवून हे जात नाही, कोन बदलूनच जातं. मधली खाच नसलेल्या यंत्रात हा कोन बदलायचा म्हणजे मनगटं वाकवायची, आणि अर्ध्या तासात ती बोलायला लागतात.

रंगांचा प्रश्न पूर्वी होता, आता फारसा उरलेला नाही. जुन्या टीएन प्रकारच्या एलसीडी पॅनेलला वर-खाली थोडं हलवलं तरी चित्र काळवंडायचं किंवा फिकं पडायचं, म्हणून तेव्हा दहा अंशांचा फरकही महाग जायचा. २००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला तर स्वतःचा दिवाच नव्हता; उजेड पकडायला लोक ते यंत्र सतत फिरवत बसायचे. २००३ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीने घडी आणली आणि समोरून टाकलेला प्रकाशही, त्यामुळे स्क्रीन एका कोनात ठेवून निवांत खेळता येऊ लागलं. मागून प्रकाश देणारी एसपी २००५ ची. आजच्या आयपीएस किंवा ओएलईडी पॅनेलवर तिरकं बघूनही रंग टिकतात. निन्टेन्डो ३डीएसची गोष्ट निराळी. त्याचा चष्म्याविना दिसणारा थ्रीडी परिणाम दोन्ही डोळ्यांना वेगळं चित्र देण्यावर चालतो, त्यामुळे यंत्र आडवं हललं की चित्र दुभंगतं. पुढे २०१४ च्या न्यू ३डीएसमध्ये कॅमेऱ्याने चेहऱ्याचा माग काढायची सोय आली. लोकलमध्ये पहिल्या ३डीएसचा थ्रीडी स्लायडर खाली ओढून ठेवलेलाच बरा.

आता बिजागरी. छोट्या हँडहेल्डमध्ये बहुतेक खाचेची बिजागरी असते. एका नळीत स्प्रिंग आणि समोरासमोर दोन चकत्या. एकीवर उंचवटा, दुसरीवर खळगा. उंचवटा खळग्यात बसला की ‘टक्’ आवाज होतो आणि झाकण तिथे थांबतं. मोठ्या यंत्रांत लॅपटॉपसारखी घर्षणाची धातूची बिजागरी सापडते, ती कुठल्याही कोनात थांबते. लोकलसाठी माझं मत छोट्या यंत्राला खाचेचीच. घर्षणाची बिजागरी सैल होत गेली की झाकण खाली ओघळायला लागतं. खाचेची झिजली तर थोडी डुगडुगते, पण जागेवर येऊन थांबते.

बिजागरीवर जोर किती येतो? समजा झाकण ६० ग्रॅमचं आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४ सेंटीमीटरवर. झाकण आडवं असताना बिजागरीला २४० ग्रॅम-सेंटीमीटरचा पीळ सोसावा लागतो, ५० अंश उभं असताना साधारण १५५ चा. काहीच नाही हे. गाडी सांधे बदलताना बसणारे हिसके धरले तरी चांगली बिजागरी ते आरामात पेलते. म्हणजे वजनाने बिजागरी तुटत नाही. ती तुटते शेवटच्या टोकाला.

झाकण पूर्ण उघडलं की पुढे जाऊ नये म्हणून प्लास्टिकवर प्लास्टिक टेकतं. ही टेकण्याची जागा बिजागरीच्या पिनेपासून जेमतेम ५ मिलिमीटरवर असते. झाकणाची वरची कड असते ८० मिलिमीटरवर. एकास सोळा. मागून कुणाची सॅक त्या कडेला लागली आणि १ किलोचा दाब आला, तर बिजागरीच्या चिमुकल्या कानावर, म्हणजे पिन धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर, १६ किलोचा येतो. दादरला गाडी लागताना १ किलो म्हणजे अगदी सभ्य धक्का झाला! झाकण मधल्या खाचेवर असेल तर तोच धक्का त्याला एक ‘टक्’ पुढे ढकलतो आणि विषय संपतो, कारण त्याच्यापुढे अजून जागा शिल्लक असते. १५० चा माझा आग्रह मानेसाठी आहे, पण त्याहून जास्त या शिल्लक जागेसाठी आहे.

इथे एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. उभं राहून खेळताना सोयीचा कोन सपाट, आणि गर्दीतला सगळ्यात धोक्याचा कोनही तोच. यावर माझ्याकडे तोडगा नाही. डोंबिवलीला तुम्हाला रोज बसायला मिळत नसेल तर घडीचा हँडहेल्ड घेऊच नका, साधा आडवा घ्या. (दारात उभं राहून खेळायचा विचार असेल तर कुठलाच घेऊ नका.)

तडा नेमका कानालाच का जातो, हे माझ्या कामातलं आहे. कानाला पिनेसाठी भोक असतं. मोल्डमध्ये वितळलेलं प्लास्टिक त्या भोकाच्या जागी असलेल्या पिनेला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे पुन्हा एकत्र येतं. तोवर दोन्ही प्रवाहांची तोंडं थोडी थंड झालेली असतात, त्यामुळे ती नीट एकजीव होत नाहीत. त्या रेषेला आम्ही वेल्ड लाइन म्हणतो आणि अख्ख्या कानात तीच सगळ्यात कच्ची जागा. त्यात कान जिथे झाकणाला मिळतो तो आतला कोपरा धारदार ठेवला असेल, गोलाई दिलेली नसेल, तर सगळा ताण तिथे साचतो. मोल्ड करताना अर्धा मिलिमीटरची गोलाई द्यायला फार खर्च येत नाही. पण दिसायला चपटं, सडपातळ हवं म्हणून हीच गोलाई आधी उडवतात, आणि मग लोक मटेरियलला शिव्या घालतात.

बिजागरी कुरकुरली म्हणून तिच्यात तेल किंवा स्प्रे मारू नका. ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला बरीच तेलं आणि सॉल्व्हंट लागली की बारीक तडे सुरू होतात. कुरकुर जाईल, कानही जाईल.

दुसरी सवय उघडण्याची. बऱ्याच यंत्रांत स्प्रिंगची नळी एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला साधी पिन, आणि बिजागरीतूनच स्क्रीनची स्ट्रिप, म्हणजे पट्टीसारखी चपटी वायर, वर जाते. एका अंगठ्याने कोपऱ्यातून झाकण उचललं की एक बाजू आधी निघते, दुसरी अडते, आणि झाकण पिळलं जातं. म्हणून दोन्ही अंगठ्यांनी, मधून उघडा.

टफन ग्लासचंही सांगतो, कारण नवीन यंत्र घेतलं की पहिली उडी त्याच्यावर असते. बंद झाकण आणि बटणं यांच्यात फट राहावी म्हणून कडेला रबराचे छोटे ठिपके दिलेले असतात. तुम्ही ०.३३ मिलिमीटरची काच चिकटवली आणि ती त्या ठिपक्यांपेक्षा उंच झाली, तर झाकण ठिपक्यांवर टेकायच्या आधी काचेवर टेकतं. काच बिजागरीजवळ टेकत असेल तर झाकण दाबून बंद करताना ते अडकित्त्यासारखं काम करतं; सुपारीच्या जागी काच आणि जोर बिजागरीवर. काच लावल्यावर झाकण बोटाने न दाबता पूर्ण बंद होतंय का ते बघा. होत नसेल तर काच काढा, पातळ फिल्म लावा. घडीच्या यंत्रात स्क्रीन तशीही झाकणाच्या आत सुरक्षित असते.

दुकानात बघायचं ते एवढंच. झाकण मधल्या खाचेवर ठेवा, खालचा भाग धरून यंत्र हळूच झुलवा, झाकण खाच सोडता कामा नये. मग झाकणाचा एक कोपरा बोटाने किंचित मागे रेटा आणि दुसरा कोपरा सोबत येतोय का बघा. मागे राहिला तर झाकण पिळवटतंय. खेळताना तर्जनी एल-आर बटणांवर असते आणि ती बटणं बिजागरीला खेटून असतात, म्हणून बोटं नळीवर घासतात का तेही तिथेच तपासा. झाकण बंद केल्यावर यंत्र झोपी जातं ना, हेही. हे काम लोहचुंबक आणि तो जवळ आल्याचं ओळखणारा हॉल सेन्सर करतात, त्यामुळे चुंबकाच्या बटणाच्या पाऊचमध्ये यंत्र ठेवलं तर ते भलत्याच वेळी झोपू किंवा जागं होऊ शकतं.

मॉडेलं विचारली नाहीत तुम्ही, तरी आकाराबद्दल बोलतो. अ‍ॅनबर्निकच्या आरजी३५एक्सएक्सएसपीची स्क्रीन ३.५ इंची, ६४० × ४८०. आरजी३४एक्सएक्सएसपीची ३.४ इंची, ७२० × ४८०, म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या २४० × १६० च्या बरोबर तिप्पट. त्या गेमसाठी हीच घ्या, शिवाय हिला दोन अ‍ॅनालॉग स्टिकही आहेत. रेट्रॉइड पॉकेट फ्लिप २ ची स्क्रीन ५.५ इंची अ‍ॅमोलेड. चित्र सुंदर, पण झाकण लांब म्हणजे मघाचा तरफेचा हिशोब आणखी वाईट. ती घरी किंवा लांब पल्ल्याच्या गाडीत. लोकलला साडेतीन इंचापर्यंत ठीक.

राहिला डीएस लाइट. २००६ चं मॉडेल, ३ इंची दोन स्क्रीन, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिजही त्यात चालतात, मला अजून आवडतो. पण त्याची बिजागरी तडकण्यासाठी प्रसिद्ध आहे, बहुतेक वेळा उजवी. दुकानदाराकडून हातात घ्या, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि उजव्या कानाच्या मुळाशी केसासारखी रेष आहे का बघा. पांढुरकी छटा दिसली तरी तिथे ताण पडलेला आहे असं समजा. मग झाकण हळूहळू उघडत जा आणि वरच्या स्क्रीनवर लक्ष ठेवा. मध्येच रेघा आल्या किंवा वरच्या स्पीकरचा आवाज गेला तर स्ट्रिप चालली आहे. बदलायचा शेल (बाहेरचं प्लास्टिकचं कवच) मिळतो, पण वरच्या स्क्रीनची स्ट्रिप गुंडाळून बिजागरीतून ओवायची असते आणि ती तिथेच फाटते, त्यामुळे ‘शेल बदलून देतो साहेब’ म्हणाले तर आधी बदला, चालू करून दाखवा, मग पैसे. रेष असूनही पूर्ण किंमत मागत असतील तर सोडून द्या. त्याच रस्त्यावर दुसरा मिळेल.