किरकोळ धडक किंवा कारवाल्याच्या तक्रारीवरून ट्रक ड्रायव्हरला कामावरून काढतात. नोकरी कशी वाचवायची?

कंपनी आधी एकच गोष्ट बघते: अपघात टाळता आला असता का? रिव्हर्स घेताना खांबाला घासलं तर उत्तर जवळपास नेहमी 'हो', कारण खाली उतरून मागे बघणं ड्रायव्हरच्या हातात होतं. उभ्या ट्रकला कुणी मागून ठोकलं तर गोष्ट वेगळी, पण तीही सिद्ध करावी लागते.

म्हणून रहदारीला धोका नसेल तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा. आधी लांबून, दोन्ही गाड्या आणि रस्त्यावरचे पट्टे एकत्र दिसतील असे. मग जवळून पत्र्याला आलेले पोचे, रंगाचे ओरखडे, पुढच्या चाकांची दिशा. डॅशकॅमचं (काचेजवळच्या कॅमेऱ्याचं) लॉक बटण तिथेच दाबा, म्हणजे ते फुटेज जपून राहतं. कार्ड भरलं की कॅमेरा जुन्या फुटेजवर नवं चढवतो आणि तक्रार बरेचदा काही दिवसांनी येते. सुपरवायझरला स्वतःच लगेच फोन करा. दुसऱ्याकडून कळलं की 'लपवलं' असाच अर्थ निघतो.

'ट्रकने कट मारला' अशी तक्रार आली तर तारीख, वेळ, जागा आणि लेन लेखी मागा, जीपीएसशी ताडून बघा. कधी ट्रक त्या वेळी तिथे नसतोच, कधी कार ट्रेलरच्या बाजूला आरशात न दिसणाऱ्या जागेत असते. फुटेज न बघता एका फोनवरून कुणाची रोजीरोटी काढणं सरळ अन्याय आहे.

जबाबात फक्त घडलेलं लिहा: वेग, अंतर, इंडिकेटर कधी दिला. अंदाज नकोत. अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करू नका, प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा.