शून्याला कितीने वाढवलंस गं?

तुझं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षं नेमाने जप, पहाटेचं ध्यान, दर आठवड्याला सत्संग, आणि तिथे बाकीच्यांना प्रकाश दिसतो, नाद ऐकू येतो, घळाघळा रडू येतं, तुला मात्र पायाला मुंग्या येण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून विचारतेस की माझी श्रद्धा कमी पडतेय का, की हे सगळे मनाचेच खेळ आहेत आणि सोडून द्यावं.

ते राहू दे बाजूला. शेवटी शेवटी तू घाईघाईत एक ओळ टाकलीयेस, "मागच्या महिन्यात मीही उठून अनुभव सांगितला, थोडा वाढवून." थोडा वाढवून म्हणजे काय गं? काहीच झालं नव्हतं ना, मग वाढवलंस काय? आणि त्याच्याच पुढे, नवीन आलेल्या एका मुलीने नंतर तुला गाठून विचारलं, ताई तुम्ही किती वेळ बसता, आणि आता ती रोज दोन तास बसते. हे तू कौतुकाने लिहिलंयस. मला वाचून राग आला, खरं सांगते.

पतंजलींच्या योगसूत्रात खरं ज्ञान मिळायचे तीन मार्ग सांगितलेत, प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम. आगम म्हणजे ज्याला ती गोष्ट खरंच ठाऊक आहे अशा भरवशाच्या माणसाचा शब्द. आपण श्रद्धा मोठी की अनुभव यावर वाद घालत बसतो, पण सत्संगात काय होतं बघ ना, एकीने अनुभव सांगितला की ऐकणारीसाठी तीच श्रद्धा होते. ती मुलगी तुझ्या शब्दावर बसलीये. उद्या तिलाही काही दिसलं नाही की ती स्वतःलाच दोष देणार, जसा तू अकरा वर्षं देतेयस. आणि तुझ्याआधी उठून बोलले त्यातले किती जण असंच "थोडं वाढवून" बोलले असतील, हा विचार एकदाही आला नाही तुझ्या मनात?

सगळे खोटे असं नाही म्हणत मी. डोळे मिटून अंधारात बराच वेळ बसलं की मेंदू आपणहून रंग नि आकार दाखवायला लागतो. झेन या बौद्ध ध्यानपंथात याला माक्यो म्हणतात, शिष्य कौतुकाने सांगायला गेला की गुरू म्हणतो लक्ष देऊ नकोस, बस परत. म्हणजे तू ज्याच्यासाठी रडतेयस ते तिकडे कोणी हिशोबातही धरत नाही.

आणि काही न जाणवणं म्हणशील तर मदर टेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली, त्या गेल्यावर दहा वर्षांनी. जवळजवळ 50 वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, मध्ये थोडे दिवस सोडले तर. लोकांसमोर त्या हसत राहिल्या, पण आपल्या धर्मगुरूंना मात्र स्पष्ट लिहिलं की आत अंधार आहे. तू निदान एका माणसाला सांगितलंस का? मला सांगितलंस, तेही घाईघाईत.

तर त्या मुलीला आज फोन कर. उद्या नाही, सत्संगाची वाट बघत बसू नकोस. म्हण, मी जे सांगितलं ते झालंच नव्हतं, अकरा वर्षांत मला काहीही दिसलेलं नाही, तरी मी रोज बसते. चिडली तर चिडू दे. साधना सोडायची की नाही ते त्यानंतर विचार मला, आत्ता मी उत्तर देणार नाही.

आणि फोनवर "थोडं वाढवून" म्हणायचं नाही.