पुण्याच्या गुरुजींनी काढलेला लग्नमुहूर्त नागपुरात तसाच चालतो का?

तुमच्या मुलीचं लग्न नागपूरला आहे, पुण्याच्या गुरुजींनी ११ वाजून ४२ मिनिटांचा मुहूर्त दिलाय आणि विहीणबाई म्हणतायत, "नागपूरला वेळ बदलते." गुरुजींनी गणित पुण्याचं धरलं असेल, तर विहीणबाईंचं बरोबर आहे. आधी तेवढं विचारून घ्या. बहुतेक गुरुजी कार्यालय कुठे आहे ते विचारूनच मुहूर्त काढतात.

मी काही गुरुजी नाही. आजोबांच्या शेजारी बसून पंचांग बघायला शिकलो, तेवढ्यावर सांगतोय.

११:४२ असली विचित्र मिनिटं येतात कुठून? मुहूर्ताच्या गणितात 'लग्न' म्हणजे त्या क्षणी पूर्वेच्या क्षितिजावर उगवत असलेली रास. एक रास उगवायला साधारण दोन तास लागतात. मग तिचे नऊ भाग करून त्यातला शुद्ध नवमांश धरायचा. हा जेमतेम तेरा मिनिटांचा. आता क्षितिज ज्या त्या गावाचं वेगळं. नागपूर पुण्याच्या पूर्वेला सव्वापाच अंशांवर, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे पुण्यात ११:४२ ला असणारा नवमांश नागपुरात ११:२१ च्या सुमारास येतो. अक्षांश वेगळा असल्यामुळे त्यात चार-पाच मिनिटं इकडे तिकडे होतील, पण ११:४२ ला अक्षता पडेपर्यंत तो निघून गेलेला असेल.

आता उलटी चूक करू नका. पंचांगात 'दशमी दुपारी ३:१० पर्यंत' असं छापलं असेल, तर ते पुण्यात, नागपुरात, भारतात कुठेही ३:१० च. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी झाली, त्यात तुमच्या गावाचा संबंध येत नाही. नक्षत्राचं आणि भद्रेचंही (शुभकार्याला वर्ज्य मानलेला अर्ध्या तिथीचा काळ) तसंच. आमच्या ओळखीत एकांनी हौसेनं तिथीतूनही वीस मिनिटं वजा केली होती!

सूर्योदय-सूर्यास्तावर बेतलेलं जे काही आहे, ते मात्र गावागणिक हलतं. गोरज मुहूर्त, राहुकाळ, अभिजित, सगळं. अभिजित म्हणजे दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतला आठवा, अगदी मध्यान्हीचा. लोक तो सरसकट बाराला धरतात, पण आपलं घड्याळ लावलेलं आहे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेला, आणि पुणे, नागपूर दोन्ही त्याच्या पश्चिमेला. पुण्यात खरी मध्यान्ह वर्षाच्या सरासरीनं १२:३५ ला होते, नागपुरात १२:१४ च्या आसपास.

पूर्वी हा घोळ नव्हता. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, म्हणजे घटिकापात्र, पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, २४ मिनिटं. मोजणी त्याच गावच्या सूर्योदयापासून, त्यामुळे वेळ आपोआप त्या गावाचीच. 'घटका भरली' म्हणतात ते त्या वाटीवरून.

आमच्याकडे हा धडा एका संकष्टीला मिळाला. मुंबईची आत्या नागपूरला आली होती, सोबत कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ लिहून आणलेली, अर्थात मुंबईची. दिवसभराचा उपास, मोदकांवर ताट झाकलेलं, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. बरोब्बर वेळेला ती ताम्हन घेऊन गच्चीत गेली, तर चंद्र शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीच्या वर चांगला हातभर चढलेला. "अगं बाई, हा कधीचा आलाय?" कॅलेंडरात गावांच्या वेळांचा तक्ता असतो, तो तिनं बघितलाच नव्हता.

तर तुम्ही गुरुजींना फोन करून एवढंच विचारा, "मुहूर्त नागपूरच्या अक्षांश-रेखांशावर काढलाय ना?" हो म्हणाले तर ११:४२ पक्कं. नाही म्हणाले तर नवी वेळ त्यांच्याकडूनच काढून घ्या, नुसती २१ मिनिटं वजा करून पत्रिका छापायला टाकू नका. आणि कार्यालयवाल्याला आधीच सांगून ठेवा, कारण अंतरपाट धरायला माणसं वेळेवर सापडली नाहीत की गुरुजी मंगलाष्टका कितीही लांबवतात.