वाचक विचारतात : गाजलेला भयगेम, पण भीतीच वाटली नाही!

(उत्तरांत ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ची गोष्ट शेवटापर्यंत उघड केली आहे.)

प्रश्न : या गेमची एवढी स्तुती ऐकली होती. प्रत्यक्षात दोन तास शाळेतल्या मुलींच्या गप्पा आणि कविता, मग एक धक्का, थोडी बिघडलेली चित्रं आणि शेवट. माझं काही चुकलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. सप्टेंबर 2017 मध्ये टीम साल्वाटोने हा गेम फुकट आणला, तेव्हा बऱ्याच जणांनी तो गोडगुलाबी प्रेमकथा समजून उघडला. तुम्ही मात्र भीतीची वाट बघत बसलात. मग नायकाची बालमैत्रीण सायोरी हिच्या खोलीचं दार उघडायच्या आधीच अंदाज येतो आणि तोवरच्या गप्पा नुसत्या अडथळ्यासारख्या वाटतात.

दुसरी अडचण निवडीची. प्रत्येक कवितेसाठी तुम्ही 20 शब्द निवडता. सायोरी, नात्सुकी आणि युरी यांच्या आवडीनुसार प्रत्येक शब्दाला 1 ते 3 गुण मिळतात. ज्या मुलीचे गुण जास्त, तिचा प्रसंग दिसतो. बस्स, एवढंच. सायोरीच्या प्रेमाला हो म्हणा किंवा मैत्रीच बरी म्हणा, ती गळफास घेतेच. सूत्रं क्लबची अध्यक्ष मोनिका हिच्या हातात आहेत हे दाखवायला ही हतबलता मुद्दाम ठेवली आहे. पण आपल्या निवडीने गोष्ट वळेल असं समजून बसलेल्याला ती फसवणूक वाटली तर नवल नाही.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. सकाळी अंथरुणातून उठायला कारणच सापडत नाही, असं सायोरी सांगते तो भाग विलक्षण खरा उतरला आहे. पुढे मोनिका कबूल करते की सायोरीचं नैराश्य तिनेच वाढवलं, आणि एका आजाराचं रूपांतर कारस्थानातल्या एका चालीत होतं. युरीच्या टोकाच्या ओढीचंही तेच.

तुम्ही कोणती आवृत्ती खेळलात, हेही बघा. मूळ गेममध्ये शेवटाकडे ‘कॅरॅक्टर्स’ फोल्डरमधली ‘मोनिका.सीएचआर’ ही फाइल तुमच्याच संगणकावर, तुमच्याच हाताने डिलीट करावी लागते. आमच्या मते गेमचा सगळा दम त्या एका कृतीत आहे. 2021 च्या ‘प्लस’ आवृत्तीत ही फाइल गेममधल्याच नकली डेस्कटॉपवर असते, त्यामुळे ती काढणं मेन्यूतलं आणखी एक बटण दाबण्यासारखं होतं.

प्रश्न : मूळ गेम पुन्हा पहिल्यापासून खेळायचा आहे, पण नुसता शेवटचा संदेश येतो. – एक वाचक, सांगली

उत्तर : स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक करून ‘मॅनेज’मधून त्याचं फोल्डर उघडा. आतल्या ‘गेम’ फोल्डरमधली ‘फर्स्टरन’ ही फाइल काढून गेम सुरू करा. जुनी माहिती पुसायची का असं विचारलं जाईल; हो म्हणा.

पुन्हा खेळणारच असाल तर तिन्ही मुलींचे सगळे प्रसंग पाहिले की मिळणाऱ्या चांगल्या शेवटासाठी खेळा. पहिल्या कवितेआधी सेव्ह करा. तिन्ही कविता नात्सुकीच्या पसंतीच्या लिहा, मग तोच सेव्ह लोड करून युरीच्या आणि शेवटी सायोरीच्या. शब्द जमला की पडद्याच्या तळाशी असलेली त्या मुलीची छोटी आकृती उडी मारते. शनिवार-रविवारी नात्सुकीला मदत करायची की युरीला, तिथेही सेव्ह करून दोन्ही बाजू पाहून घ्या. हे सगळं सायोरीच्या मृत्यूच्या प्रसंगाआधीच व्हायला हवं. त्यानंतर गेम जुने सेव्ह पुसतो आणि ती वाट कायमची बंद होते. वाचलेला मजकूर कंट्रोल दाबून धरला की झरझर पुढे सरकतो.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा आहे. खेळू द्यावा का? – एक पालक, ठाणे

उत्तर : आमचं मत, नको. मूळ गेम 13 वर्षांची अट सांगतो, पण ‘प्लस’ला अमेरिकेत 17 वर्षांवरचा दर्जा आहे. आत्महत्या आणि स्वतःला इजा करणं चित्रांत थेट दिसतं. चिंता किंवा नैराश्य असलेल्यांसाठी हा खेळ सुरक्षित नसेल, असं गेम स्वतःच सुरुवातीला बजावतो. मुलाने आधीच खेळला असेल आणि तो गप्प-गप्प वाटत असेल तर त्याच्याशी बोला. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा 14416 वर आहे.

प्रश्न : मग या प्रकारातलं दुसरं काय घ्यावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : निवडीला वजन हवं असेल तर ‘स्ले द प्रिन्सेस’ (2023). तळघरात जाताना सुरी उचलली की नाही, इथपासून गोष्ट फुटत जाते. ‘हिगुराशी’ ही जपानी भयकथा 2002 पासून गेमच्या रूपात भागाभागाने आली. तिच्या मूळ भागांत पर्यायच नाहीत, नुसतं वाचायचं. पण तिथेही सुरुवातीला बराच वेळ खेड्यातल्या मुलांचे खेळ आणि थट्टामस्करीच चालते, तेव्हा नाशिकच्या वाचकांनी तरी आधी ‘स्ले द प्रिन्सेस’च घ्यावा.