वाचक विचारतात : मागून भरायची बंदूक यायला तीनशे वर्षं का लागली?

प्रश्न : इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्याकडे १५३७ सालची मागून भरायची बंदूक होती आणि ती अजून तिथे जपून ठेवलीय असं वाचलं. मग १८५७ मध्ये, म्हणजे तीनशे वीस वर्षांनंतर, कंपनीच्या शिपायांना काडतूस दाताने तोडून नळीच्या तोंडातून का ठासायला लावत होते? मागचं दार उघडून गोळी आत सरकवायची एवढी साधी गोष्ट मधल्या काळात कुणाला जमली नाही का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : बंदूक खरी आहे, साल पण खरंय. रॉयल आर्मरीज या इंग्लंडच्या शस्त्रसंग्रहालयात ती आहे, आणि तिचा मागचा भाग बिजागरीवर उघडतो, आत लोखंडी पुंगळी बसते, पुंगळीत दारू आणि गोळी आधीच भरून ठेवायची, बार झाला की पुंगळी काढून दुसरी घालायची. फोटोत बघितलं तर १८६६ च्या स्नायडर रायफलची आजी वाटावी इतकं साम्य आहे. तेव्हा कल्पना सुचणं हा प्रॉब्लेम कधीच नव्हता. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जहाजांवरच्या छोट्या तोफासुद्धा मागूनच भरायच्या, पोर्तुगीज लोक गोव्याला आले ते अशा तोफा घेऊनच, त्यांना ते बेर्सो म्हणायचे. चहाच्या मगासारखा दांडा असलेलं एक लोखंडी भांडं, त्यात दारू, ते नळीच्या मागे बसवायचं आणि पाचर ठोकून घट्ट करायचं. अशी चार भांडी आधी भरून ठेवली की धडाधड चार बार.

अडलं होतं ते वायूपाशी. दारू पेटली की तिचा वायू होतो, प्रचंड गरम आणि प्रचंड दाबाखाली, आणि त्याला जिथे फट मिळेल तिथून तो बाहेर पडतो. ठासणीच्या बंदुकीत नळी मागून कायमची बंद असते, तिथे आट्यांचा बूच घट्ट पिळून बसवलेला, फक्त कानाचं, म्हणजे ठिणगी आत जायचं, बारीक भोक सोडलं तर वायूला पुढेच जावं लागतं. मागून उघडणारी बंदूक केली की तिथे एक सांधा आला, आणि सांधा आला की फट आली, मग ती कागदाच्या जाडीची का असेना. तोफेच्या बाबतीत हे चालून जायचं कारण दाब त्या मानाने कमी आणि माणूस जरा बाजूला उभा, पण खांद्याला लावायच्या बंदुकीत ती फट नेमकी डोळ्यापासून वीतभर अंतरावर येते. शिवाय काळी दारू जळल्यावर जे कीट उरतं ते त्याच सांध्यात जाऊन बसतं, आणि वीस-पंचवीस बारांनंतर दार ना धड उघडत ना धड बंद होत. तीनशे वर्षं हुशार हुशार कारागीर याच एका फटीशी झगडत होते, आणि मला विचाराल तर बंदुकीच्या इतिहासातला सगळ्यात वाचनीय भाग हाच आहे, लढायांपेक्षाही जास्त.

त्यातला मला मनापासून आवडणारा माणूस म्हणजे पॅट्रिक फर्ग्युसन, ब्रिटिश सैन्यातला स्कॉटिश अधिकारी. त्याने दार न करता स्क्रू केला. नळीच्या मागच्या टोकाला वरून खालपर्यंत आरपार एक जाड उभा स्क्रू, आणि चापाभोवतीची जी कडी असते तीच त्या स्क्रूचं हँडल. कडी एक पूर्ण फेरा फिरवली की स्क्रू खाली उतरतो आणि नळीच्या वरच्या बाजूला भोक उघडतं. आता साधा स्क्रू एका फेऱ्यात एवढा खाली कसा उतरेल, तर त्याने एकाच स्क्रूवर दहा-बारा आटे शेजारी शेजारी सुरू केले होते, त्यामुळे उतार तिरका झाला आणि एका फेऱ्यात काम झालं. भोकातून गोळी टाकायची, बंदूक जरा पुढे झुकवली की ती घरंगळत जाऊन पुढे अडकते कारण ती नळीपेक्षा थोडी मोठीच असते, मागे दारू ओतायची, कडी उलटी फिरवायची, स्क्रू वर येताना जास्तीची दारू आपोआप वर ढकलून देतो. गज नको, ठासणं नको. आणि गोळी मोठी असल्यामुळे बार झाल्यावर ती नळीतल्या पिळांत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या तिरक्या खाचांत, घट्ट रुतून जाते, म्हणजे नेमही चांगला. मुळात ही स्क्रूची कल्पना फ्रान्सच्या इझाक द ला शोमेतची, फर्ग्युसनच्या आधीच्या पिढीतली, पण फर्ग्युसनने आट्यांना आडव्या खाचा पाडल्या म्हणजे कीट त्या खाचांत पडेल आणि स्क्रू जाम होणार नाही, आणि हीच त्याच्या डोक्याची खरी चमक.

१ जून १७७६ ला वुलविचला त्याने प्रात्यक्षिक दिलं, बाहेर पाऊस आणि जोराचा वारा, तरी मिनिटाला चार ते सहा बार. मग भरलेल्या बंदुकीच्या रंजकावर, म्हणजे बाहेरच्या पेटवायच्या दारूवर, आणि नळीत बाटलीभर पाणी ओतलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत, गोळी बाहेर न काढता, पुन्हा बार काढून दाखवला. ठासणीच्या बंदुकीत दारू भिजली की काय कुटाणा करावा लागतो हे ज्याला माहितीय त्याला यातली गंमत कळेल, इथे ओली दारू मागूनच काढता येते. असं असूनही अशा रायफली सैन्यासाठी शंभराच्या आसपासच बनल्या. कारण एकच, तो स्क्रू आणि त्याचं घर हाताने कानस मारून इतकं तंतोतंत जुळवणं हे निष्णात कारागिरांचं काम, आणि सैन्याला लागतात हजारो. शिवाय स्क्रूसाठी आणि खटक्यासाठी लाकूड एकाच जागी पोखरलं जायचं, तिथे दस्ता तडकायचा. फर्ग्युसन स्वतः १७८० मध्ये अमेरिकेत किंग्ज माउंटनच्या लढाईत मारला गेला आणि विषय तिथेच संपला.

पुढचा टप्पा अमेरिकेतला, जॉन हॉल. त्याचं १८११ चं पेटंट, १८१९ मध्ये सैन्याने रायफल घेतली. त्याच्या बंदुकीत मागचा ठोकळा पुढच्या टोकाला वर उचलला जायचा, त्या ठोकळ्यातच दारू-गोळी भरायची आणि खाली दाबायची. फट त्यातही होती आणि वायू गळायचाच. पण हॉलने हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जे केलं ते त्या बंदुकीपेक्षा मोठं आहे, त्याने अशी मशिनं बसवली की एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत बसावा. म्हणजे फर्ग्युसन जिथे अडला तो अर्धा प्रश्न, मापाचा, इथे सुटला. याच हॉलच्या हाताखाली ख्रिश्चन शार्प्स नावाचा माणूस काम करत होता, त्याने १८४८ मध्ये वरखाली सरकणाऱ्या ठोकळ्याची रायफल काढली, आणि तिच्या ठोकळ्याच्या धारेनेच काडतुसाचं मागचं टोक कापलं जायचं, म्हणजे दाताचं काम पोलादाने केलं. आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हे लक्षात ठेवा, १८५७ च्या नऊ वर्षं आधीची गोष्ट आहे ही.

युरोपात योहान निकोलाउस ड्रायझे. हा जर्मन माणूस पॅरिसला झां सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराकडे शिकला, आणि पॉलीने १८१२ मध्येच गोळी, दारू आणि पेटवायचा मसाला हे तिन्ही एकत्र असलेल्या काडतुसाचं पेटंट घेतलं होतं. ड्रायझेची बंदूक प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारली आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कागदोपत्री तिचं नाव हलकी टोपीची बंदूक असं काहीतरी साधंच ठेवलं (टोपी म्हणजे घोडा आपटला की पेटणारी मसाल्याची छोटी डबी, तेव्हाच्या साध्या ठासणीला लागायची ती). दाराच्या कडीसारखा बोल्ट मागे ओढायचा, कागदी काडतूस घालायचं, बोल्ट पुढे. चाप ओढला की एक लांब सुई काडतुसाचा कागद भोसकून, सगळ्या दारूतून पार होऊन, गोळीच्या बुडाशी लावलेल्या मसाल्यावर आपटते. त्यामुळे प्रत्येक बाराला ती सुई जळत्या दारूत उभी असते, ती ठिसूळ होते आणि मोडते, म्हणून शिपायाकडे जादा सुया असायच्याच आणि तो जागच्या जागी बदलायचा. बोल्टचं टोक नळीच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसेल असं केलेलं होतं, धातूवर धातू, पण वापरून झिजलं की गळती सुरू, म्हणून काही शिपाई चेहरा लांब ठेवूनच बार काढायचे. एवढ्या उणिवा असूनही ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झला या बंदुकीने ऑस्ट्रियाची दाणादाण उडवली, कारण ऑस्ट्रियाचा शिपाई उभा राहून ठासत होता आणि प्रशियाचा शिपाई पालथा पडून भरत होता. कैदी धरून ऑस्ट्रियाची सुमारे ४४ हजार माणसं गेली, प्रशियाची ९ हजारांच्या आसपास.

त्याच वर्षी फ्रान्सच्या शास्पोने फटीवर थेट घाव घातला. बोल्टच्या पुढच्या टोकाला रबराची जाड रिंग, बार झाला की वायू टोकाला मागे ढकलतो, रबर दाबलं जातं, बाजूला फुगतं आणि नळीच्या भिंतीला चिकटून बसतं. आपल्याकडे आत बसणाऱ्या झाकणाचा जो कुकर असतो त्यात वाफ जितकी जास्त तितकं झाकण घट्ट, अगदी तेच तत्त्व, जो दाब निसटायला बघतोय त्यालाच दार लावायच्या कामाला जुंपायचं. गुडइयरचं रबर टिकाऊ करायच्या पद्धतीचं अमेरिकेतलं पेटंट १८४४ चं, त्यामुळे फर्ग्युसनला हे सुचलं असतं तरी करता आलं नसतं. पण रबर जळतं, थंडीत कडक होतं, रिंग बदलत राहावी लागते.

शेवटचं उत्तर बंदुकीने दिलंच नाही, काडतुसाने दिलं. पातळ पितळेची पुंगळी घेतली की बार होताना ती फुगून नळीच्या भिंतीला चिकटते, फट बंद, आणि दाब उतरला की पितळ परत किंचित आकसतं म्हणून पुंगळी ओढून काढता येते. प्रत्येक बाराला नवी कोरी रिंग. ही गोष्ट हेन्रीच्या लोखंडी पुंगळीला जमणारी नव्हती, जाड लोखंड फुगत नाही.

आता १८५७. शिपायांच्या हातात आलेली एनफिल्ड ही ठासणीचीच, पण नळीत पीळ असलेली. अशा नळीत गोळी वरून खाली ढकलायची तर ती कीट चिकटलेल्या नळीतून सरकली पाहिजे, म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी. दारू ओतायची तर काडतुसाचं तोंड उघडलं पाहिजे आणि एका हातात बंदूक, म्हणून दात. गाय आणि डुकराच्या चरबीचा तो सगळा उद्रेक ज्या काडतुसावरून झाला त्या काडतुसाची रचना अशी ठासण्याच्या गरजेतून आलेली होती. दात लावायची सक्ती नंतर कवायतीतून काढली, हाताने फाडा म्हणाले, पण तोवर विश्वास उडालेला होता, आणि बंडामागे बाकीची कारणंही साचलेली होतीच. कंपनीने मागून भरायची बंदूक का दिली नाही, तर ब्रिटिश पायदळाकडेच ती नव्हती, त्यांनीही एनफिल्डच ठासली.

अवघ्या नऊ वर्षांनी, १८६६ मध्ये, त्याच एनफिल्डची मागची बाजू वरून कापून जेकब स्नायडरचा बिजागरीचा ठोकळा बसवला गेला आणि कर्नल बॉक्सरने त्यासाठी पितळी पत्र्याचं काडतूस केलं. मिनिटाला तीनऐवजी दहा बार. पण भारतीय पलटणींना ती लगेच मिळाली नाही. ब्रिटिश सेनापती नेपियरच्या हाताखाली मुंबईहून निघालेल्या १८६७-६८ च्या अबिसिनियाच्या मोहिमेत गोऱ्या पायदळाकडे स्नायडर होती आणि सोबतच्या पंजाबी पायोनियर पलटणीकडे पीळ नसलेली जुनी ठासणी. बंडानंतर हिंदी शिपाई शस्त्रात एक पिढी मागेच ठेवायचा हे ठरवून केलेलं धोरण होतं, आणि इतक्या शौर्याने लढणाऱ्या माणसांच्या हाती मुद्दाम जुनं हत्यार द्यायचं हे वाचताना आजही राग येतो. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री ही पुढची रायफल मिळायला लागली तेव्हा कुठे स्नायडर इकडे आली.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. गावातला एक फिटर म्हणतो मागून कापून काडतुसाची करून देतो. करावी का?
(एक वाचक, राजापूर तालुका)

उत्तर : अजिबात करू नका. शस्त्र कायदा १९५९ नुसार असा बदल करायला त्या कामाचा वेगळा परवाना लागतो, तुमच्या परवान्यात हे बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती नळी काळ्या दारूच्या दाबासाठी केलेली आहे, आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपणार नाही, वर जी फट सांगितली ती तुमच्या तोंडासमोर उघडेल. दुरुस्ती हवी असेल तर परवानाधारक दुकानदाराकडेच जा.

प्रश्न : संग्रहालयात काचेमागची बंदूक मागून भरायची आहे की ठासणीची, हे कसं ओळखायचं?
(एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : नळीखाली गज आहे का ते बघून ठरवू नका, स्नायडरलाही खाली गज असतो, तो साफ करायला. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीच्या, पुढे नळीच्या मागच्या टोकाला बघा. ठासणीत तिथे नळी सलग जाते आणि टोपी बसवायचा निप्पल थेट नळीतून निघतो. स्नायडरमध्ये तिथे वेगळा ठोकळा आणि उजव्या बाजूला बिजागरी दिसेल, ठोकळा उघडून मागे ओढला की पुंगळी थोडी बाहेर येते, मग शिपाई बंदूक उलटी करून ती खाली पाडायचा. बाहेर घोडाच नसेल आणि चापाच्या मागे लांब दांडा असेल तर ती मार्टिनी-हेन्री. चापाभोवतीची कडीच दांड्यासारखी खाली येत असेल तर शार्प्सच्या जातीची.