माझी प्रीमियर पद्मिनी गाडी पहिल्या गिअरला हिसके मारते, क्लच प्लेट बदलूनही फरक नाही. काय करू?

थांबा, आणखी एक प्लेट विकत घेऊ नका. माझ्या पद्मिनीचंही असंच होतं. चोर्ला घाटात चढावर गाडी थांबवून परत उचलायची म्हटलं की दात वाजायचे.

आधी बॉनेट उघडून हँडब्रेक घट्ट ओढा. दुसऱ्याला पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू, गाडी जेमतेम उचलेल इतकाच सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन बघा, पुढे नको. मग रिव्हर्समध्येही तेच. इंजिन एका अंगाला उडी मारत असेल तर फाउंडेशनचं रबर, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, गेलंय. माझं तेच निघालं; रबर तेलानं फुगून लोण्यासारखं मऊ झालेलं. स्वस्तातलं काम, म्हणूनच बहुतेक मिस्त्री ते शेवटी बघतात!

रबर ठीक असेल तर इंजिन बंद करून प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, ढिले आहेत का ते हातानं हलवून बघा.

तरीही हिसका राहिला तर गिअरबॉक्स उतरवणं आलं. प्लेटवर तेल दिसलं तर आधी ते कुठून येतंय ते शोधा, इंजिनच्या मागून की गिअरबॉक्सच्या पुढून. नुसती प्लेट घासून बसवली तर महिन्यात पुन्हा तेच. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्यावर टेकते त्या इंजिनमागच्या जड चाकावर) निळे डाग असतील तर फेसिंग करून घ्या, म्हणजे लेथवर पृष्ठभाग सपाट करून घ्या; बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्यांना तोटा नाही. प्रेशर प्लेटही सपाट आहे ना, पट्टी लावून बघा. जुन्या लायनिंगची (क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) धूळ मात्र हवा मारून उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.